शंभराची मोड

८३२ ला ४ ने भागायला सांगितलं की सहावी-सातवीच्या वर्गात दोन उत्तरं ठरलेली असतात. काही वह्यांत २०८, काहींत २८. ज्याने २८ लिहिलं त्याला पाढे येत नाहीत असं मुळीच नाही. चार दुणे आठ त्याने बरोबर मांडले, चार आठे बत्तीस बरोबर वजा केले, बाकी शून्य आली, खाली दोन रेघाही मारल्या. मधल्या तीनला चारचा भाग जात नव्हता, तिथे शून्य मांडायचं तेवढं राहिलं. गुरुजी लाल शाईने ते शून्य घालतात आणि नियम पुन्हा सांगतात: भाग जात नसेल तर भागाकारात शून्य मांडा, मग पुढचा अंक खाली घ्या. आठ दिवसांनी ६१८ भागिले ६ येतं आणि त्याच वहीत १३ उमटतं.

आता त्याच मुलाला वही मिटायला लावून विचारा, "८३२ रुपये चौघांत वाटले. एकेकाला अठ्ठावीसच का रे?" तो लगेच म्हणेल, "अठ्ठावीस कसे सर? आठशेचेच दोन-दोनशे होतात की!" म्हणजे त्याला वाटणी कळते. ती कळलेली वाटणी वहीतल्या मांडणीपर्यंत पोचलेली नाही, एवढंच. उच्च प्राथमिक वर्गात भागाकार शिकवायचा म्हणजे हे अंतर मिटवायचं, आणि त्यासाठी आणखी एक नियम पाठ करून घेण्यापेक्षा शंभराच्या नोटेची मोड जास्त कामाला येते.

बाजारातला हिशेब, वहीतला हिशेब

पैनगंगेच्या दक्षिण काठाला तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. जैनथ, बेला या मंडलांतल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. शेजारच्या गावांत गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू, बंजारा. तेलंगणा सरकार मराठी माध्यमाचीही पाठ्यपुस्तकं काढतं. पीक मुख्यतः कापसाचं. हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि गाडीवर बसून आलेल्या पोरांच्या कानावर दिवसभर हिशेब पडत राहतो.

हा हिशेब सोपा नसतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. हा भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंतचा. त्यापुढे दर टक्क्याला भावही टक्क्याने उतरतो, आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेत नाही. दहा टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागे साधारण दीडशे रुपये गेले, हे बारा वर्षांचं पोरगंही बापाच्या आधी सांगतं. हा शंभराने केलेला भागाकारच आहे. तेच पोरगं शाळेत ७५२१ भागिले १२ समोर आलं की पेन्सिलचं टोक चावत बसतं.

असं सगळीकडेच घडतं. 'असर' ही शैक्षणिक पाहणी ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देते. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना असा भागाकार जमला. आठवीत पोचेपर्यंत हे प्रमाण ४५.८ टक्क्यांवर गेलं. आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना भागाकार येत नाही, असा याचा सरळ अर्थ. पण या मुलांना हिशेबच येत नाही असं म्हणायचं तर २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आडवा येतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना पारखलं. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती तोंडी आणि अचूक करत होती. तशीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिली की अडखळत होती. शाळेत शिकणाऱ्या, बाजाराची सवय नसलेल्या मुलांचं बरोबर उलटं: कागदावर ठीक, बाजारात गोंधळ. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. ते कुणीतरी न्यावं लागतं, आणि ते काम शिक्षकाचं.

आणे-पैच्या वेळी मोड दिसत होती

आजोबांच्या पिढीला हा भागाकार जास्त समजत होता असं कुणी म्हटलं तर त्याला भाबडं कौतुक समजून सोडून देऊ नये. त्याला एक कारण आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. आदिलाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होतं आणि तिथे चालणारा हाली सिक्का वेगळा होता, पण त्या रुपयाचेही आणे सोळाच.

त्या काळी पाच जणांत सतरा रुपये वाटायचे तर असं करत: पाच त्रिक पंधरा, म्हणजे एकेकाला तीन रुपये. उरले दोन रुपये. दोन रुपयांचे बत्तीस आणे. पाच सक तीस, एकेकाला सहा आणे. उरले दोन आणे. दोन आण्यांच्या चोवीस पै. पाच चोक वीस, एकेकाला चार पै, आणि चार पै शिल्लक. उत्तर: तीन रुपये सहा आणे चार पै.

या हिशेबात मोड लपवता येत नाही. रुपये उरले की सोळाने गुणावं लागतं, आणे उरले की बाराने. उरलेल्याची मोड करून पुढे वाटायचं, हे दर पायरीला हाताला जाणवत राहतं. आताच्या दशमान भागाकारातही नेमकं हेच चालतं. पण इथे दर वेळी दहानेच गुणायचं असतं आणि दहाने गुणणं फार स्वस्त पडतं. चार शतकं उरली आणि त्यांच्या शेजारी दशकाचा दोन आणून ठेवला की बेचाळीस दशकं झालीसुद्धा. गुणाकार करावाच लागत नाही. सोय मोठी झाली, पण या सोयीत कारण दिसेनासं झालं. मुलांच्या हाती उरलं ते फक्त 'वरचा अंक खाली घ्या'.

सोळाशे वीस, बारा जणींत

भागाकाराचं एक उदाहरण साडेआठशेहून जास्त वर्षं जुनं आहे: १६२० भागिले १२. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त आधी १३५ ला १२ ने गुणून १६२० येतात, मग तेच उलटं फिरवून १६२० ला १२ ने भागलेलं आहे. आपण ते आदिलाबादला आणू. बारा जणींचा बचत गट आहे, तेलंगणात त्याला संघम म्हणतात. वर्षअखेर व्याजाचे १६२० रुपये वाटायचे आहेत. पेटीत शंभराच्या सोळा आणि दहाच्या दोन नोटा आहेत.

शंभराच्या नोटा आधी वाटू. एकेकीला एक. बारा गेल्या, चार उरल्या. चार नोटा बारा जणींत जात नाहीत, म्हणून मोड आणली: दहाच्या चाळीस. पेटीतल्या दोन त्यांत मिसळल्या, झाल्या बेचाळीस. एकेकीला तीन. छत्तीस गेल्या, सहा उरल्या. त्यांचीही मोड आणली: रुपयाची साठ नाणी. एकेकीला पाच. पेटी रिकामी. एकेकीच्या हातात एक शंभर, तीन दहा, पाच सुटे: १३५.

आता वही. सोळात बारा एके बारा, उरले चार. वरचे दोन खाली, बेचाळीस. बारा त्रिक छत्तीस, उरले सहा. वरचं शून्य खाली, साठ. बारा पाचे साठ. पेटीतलं एकूण एक पाऊल वहीत आहे. दोन खाली घेणं म्हणजे मोड करून आणलेल्या चाळिसांत पेटीतल्या दोन नोटा मिसळणं.

वर्गात हे तिघांच्या गटात करावं. पुठ्ठ्याच्या किंवा खेळण्यातल्या नोटा चालतात. एक जण वाटतो, एक जण बँक सांभाळतो, एक जण लिहितो. बँकवाल्याला एकच अट: मोड मागणाऱ्याने किती नोटा येणार हे आधी सांगितल्याशिवाय नोट द्यायची नाही. लिहिणाऱ्यालाही एकच: टेबलावर घडल्याशिवाय वहीत आकडा मांडायचा नाही. अशी चार-सहा उदाहरणं झाली की वाटणाऱ्याचा हात रेंगाळतो आणि लिहिणारा पुढे पळतो. नोटा बाजूला ठेवायची वेळ तीच. त्याआधी काढून घेतल्या तर पुन्हा नियम पाठ करण्यावर गाडी येते.

२८ चा आजार इथे बरा होतो. ८३२ मधल्या शंभराच्या आठ नोटा चौघांत दोन-दोन गेल्या. दहाच्या तीन उरल्या. चौघांना त्यातली एकही येत नाही. तिन्हींची मोड होते, तीस नाणी, आधीची दोन मिळून बत्तीस, एकेकाला आठ. प्रत्येकाच्या हातात दोन शंभर, दहाची एकही नाही, आठ सुटे. 'दहाची एकही नाही' हे लिहायला शून्य लागतं. वहीत शतक, दशक, एकक असे रकाने आखले तर दशकाचा रकाना मोकळा दिसतो आणि मूलच विचारतं, इथे काय लिहू?

आणखी एक प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि त्याला सहसा उत्तर मिळत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून करतात, मग भागाकारच डावीकडून का? नोटा हातात असल्या की उत्तर मिळतं. सुटे आधी वाटले तर नंतर शंभराची मोड होऊन नवे सुटे येतात आणि पुन्हा वाटायला बसावं लागतं. मोठी नोट आधी वाटली की मागे फिरावं लागत नाही.

धूळपाटीवरून कागदावर

'लीलावती'तला नियम थोडक्यात असा: भाजकाला ज्या संख्येने गुणून भाज्याच्या सर्वांत वरच्या भागातून वजा करता येईल, ती संख्या म्हणजे फळ. डावीकडूनच सुरुवात. लगेच दुसरा मार्गही दिला आहे: दोन्ही संख्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर आधी त्या लहान करून घ्या. १६२० आणि १२ या दोन्हींना चारने भागलं की ४०५ भागिले ३ उरतं, आणि ते तोंडी होतं. दोन अंकी भाजक दिसला की आपल्या मुलांनी आधी हे पाहावं. पाठ्यपुस्तकातली बरीच उदाहरणं तिथेच निम्मी होतात.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढला. तसा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. तिथले विद्यार्थी भागाकार करत ते धूळपाटीवर. पाटीवर आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिता येतो, म्हणून वजाबाकीचा जिना खाली उतरत नसे. भाज्य जागच्या जागी घटत जाई. ही रीत अरबांमार्फत युरोपात गेली तेव्हा कागदावर पुसता येईना, म्हणून तिथे आकडे खोडून वर-खाली नवे लिहू लागले, आणि पान खाडाखोडीने भरून जाई. आज आपण करतो ती पायऱ्यापायऱ्यांची मांडणी छापील पुस्तकात प्रथम दिसते ती १४९१ मध्ये फ्लॉरेन्सला, फिलिपो कालांद्री याच्या अंकगणितात. तिचा फायदा इतकाच की केलेलं सगळं डोळ्यांसमोर राहतं आणि चूक कुठे झाली ते शोधता येतं. तेव्हा मुलाने कच्चं काम खोडरबराने पुसायला घेतलं तर त्याला ते पुसू देऊ नये. शिक्षकाला तपासायचं असतं ते तेवढंच.

मोठ्या भाजकाची धास्ती

भाजक एक अंकी असेतो पाढा साथ देतो. २९ किंवा ४७ आला की पोरं थबकतात. १३७ मध्ये २९ किती वेळा? इथे अंदाज लागतो, आणि अंदाज चुकला की सगळं खोडावं लागतं, ही धास्ती असते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ क्रुझेरोला एक, अशा दहा नारळांचे किती, असं एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं. दहाने गुणायला पुढे शून्य द्यावं हे त्याच्या मनातही आलं नाही. तीन नारळांचे १०५ त्याला तोंडपाठ होते. आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. वर एक, ३५०. त्याने आपल्याला येणाऱ्या गठ्ठ्यांत काम उरकलं.

भागाकारही असा गठ्ठ्यांनी करता येतो. १३७६ भागिले २९ घेऊ. २९ चे दहापट २९०, वीसपट ५८०. १३७६ मधून ५८० काढले, ७९६ उरले. पुन्हा ५८० काढले, २१६ उरले. पाचपट १४५ काढले, ७१ उरले. दुप्पट ५८ काढले, १३ उरले. वीस, वीस, पाच आणि दोन: सत्तेचाळीस, बाकी तेरा. या रीतीत अंदाज कमी पडला तरी काही बिघडत नाही, आणखी एक गठ्ठा काढायचा. मुलाची भीती गेली की त्याला म्हणावं, आता कमीत कमी गठ्ठ्यांत कर. चाळीस एकदम, सात एकदम. असं झालं की नेहमीची मांडणी आपोआप हाती येते.

अंदाजासाठी २९ ला तीस समजावं. १३७ मध्ये तीस चार वेळा. पडताळायला २९ चा पाढा लागतो. ज्याला 'एकोणतीस चोक सोळोदरसे' येतं त्याचं काम झालंच. येत नसेल त्याने समासात दुपटी लिहून ठेवाव्या: २९, ५८, ११६. चारपट थेट मिळाली. सातपट म्हणजे तिन्हींची बेरीज, २०३.

ऐकलेला आकडा आणि लिहिलेला आकडा

आदिलाबादच्या वर्गात आणखी एक अडचण असते. मराठीत बेचाळीस म्हणताना दोन आधी आणि चाळीस नंतर ऐकू येतात. तेलुगूत आधी चाळीस, मग दोन. तेलुगू घरातून मराठी माध्यमात आलेलं, किंवा मराठी घरातून इंग्रजी वर्गात बसलेलं मूल ऐकून आकडा लिहिताना ४२ चे २४ करतं, आणि पुढचा सबंध भागाकार बरोबर करूनही उत्तर चुकतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा धरून त्याची बाजू मांडली. पुण्या-मुंबईत जो वादाचा विषय झाला तो पैनगंगेकाठच्या शिक्षकाला रोजचा आहे. भागाकाराच्या तासापुरतं 'चार दशकं, दोन एकक' असं म्हणायची सवय लावली तर कोणत्याही घरच्या मुलाला अडत नाही.

घरची भाषा धरून शिकवण्याच्या प्रयोगाची या जिल्ह्याला ओळख आहे. गोंड नेता कोमरम भीम याच्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवलं. १९४३ मध्ये, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या मारलावाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं. पहिली वाचनपुस्तकं गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. मुलाला येतं तिथून सुरू करायचं, ही त्या शाळांची रीत होती. भागाकाराला तीच लागू पडते. शिवाय दहाच्या नोटेवर तेलुगू, मराठी, उर्दू तिन्ही छापलेल्या असतात. गोंडी तेवढी नसते, पण ती नोट ओळखायला गोंड मुलाला वाचावंही लागत नाही.

बाकीचं काय करायचं?

उत्तराखाली 'बाकी १३' लिहून मूल मोकळं होतं. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. केसलापूरच्या नागोबा जत्रेला १३० मुलं न्यायची आहेत आणि बसमध्ये पन्नास जागा आहेत. भागाकार दोन, बाकी तीस. बस किती? तीन. १३० रुपयांत पन्नासाच्या वह्या किती? दोनच. १३० मीटर दोराचे पन्नास तुकडे केले तर? प्रत्येकी २.६ मीटर. आकडे तेच, उत्तरं तीन. अशी तीन उदाहरणं शेजारी-शेजारी दिल्याशिवाय हा धडा पुरा झाला असं समजू नये.

पडताळा नेहमीचा: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. बाकी भाजकापेक्षा मोठी निघाली तर अजून एक गठ्ठा काढायचा राहिला आहे.

शेवटचं उदाहरण शाळेच्या स्वयंपाकघरातलं. मध्यान्ह भोजनात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ धरतात. पन्नास किलोचं पोतं किती ताटांना पुरेल? ५०,००० भागिले १५०. दोन्हींना पन्नासने भागून घेतलं की उरतं १००० भागिले ३. तीन त्रिक नऊ, उरला एक. पुन्हा तीन त्रिक नऊ, पुन्हा उरला एक. तिसऱ्यांदाही तेच. ताटं ३३३, आणि पोत्याच्या तळाशी पन्नास ग्रॅम तांदूळ. स्वयंपाकीणबाईंचा हिशेब इथे संपतो.

सातवीच्या मुलाला मात्र इथे थांबवू नये. उरलेल्या एकाचीही मोड करता येते: रुपयाचे जसे पैसे, तसे एकाचे दहा दशांश. तीन त्रिक नऊ, उरला एक. त्याचे दहा शतांश. पुन्हा तेच. शून्याची बाकी कधीच येणार नाही, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या पायरीला कळतं, आणि का येणार नाही तेही तो स्वतः सांगतो: दर वेळी उरतो तो एकच. दशांश अपूर्णांक नवा धडा म्हणून शिकवायची गरज इथे उरत नाही. भागाकार जिथे सोडला होता तिथून पुढे चालू ठेवायचा, एवढंच पुढच्या प्रकरणात करायचं आहे.